टोळीपलीकडचे नाना

बीड जिल्ह्यात टोळी हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याला दरोडेखोर आठवत नाहीत, ऊसतोडणी आठवते. मुकादमाने उचल वाटायची, नवरा-बायकोच्या जोडीचा एक कोयता धरायचा आणि असे दहा-पंधरा कोयते जमले की टोळी झाली. दसरा-दिवाळीच्या सुमारास ही टोळी पोराबाळांसह आणि बैलांसह कृष्णा-पंचगंगेच्या काठावरील साखर कारखान्यांकडे निघते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. टोळीत असतात ते बहुधा भाऊ, चुलतभाऊ, साडू, मेहुणा. फार तर त्याच वस्तीवरचा शेजारी. यामागे भाबडे बंधुप्रेम नाही. घेतलेली उचल एखाद्याने बुडवली तर ती वसूल करायला नातेच कामी येते आणि परमुलखात मध्यरात्री कोणी आजारी पडले तर दवाखाना गाठून देणारेही नातेच असते. गटनिष्ठा म्हणून जी काही चीज समाजात असते, तिचा उगम हा असा गरजेत असतो.

अडचण होते ती हीच निष्ठा फडातून उठून गावच्या चौकात, तेथून मतपेटीत आणि शेवटी पोलिस ठाण्यात जाऊन बसते तेव्हा. बीडने गेल्या काही वर्षांत ते पाहिले आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी आरक्षणाच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले आणि माजलगाव व बीड येथे लोकप्रतिनिधींची घरे पेटवली गेली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. त्या निवडणुकीची चर्चा रस्ते, पाणी, रेल्वे यांच्याभोवती फारशी झालीच नाही. कोणत्या गावात कोणत्या समाजाची किती मते, हाच एक प्रश्न होता. त्याच वर्षीच्या दसऱ्याला नारायणगडावर एका समाजाचा आणि सावरगाव घाट येथे दुसऱ्या समाजाचा, असे दोन प्रचंड मेळावे एकाच जिल्ह्यात एकाच दिवशी भरले. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली. गुन्ह्याच्या मुळाशी पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली खंडणी होती, असे तपास यंत्रणांचे म्हणणे आहे. पण मारणारे कोण आणि मरणारा कोण, याचा हिशेब गावोगावी जातीच्या रकान्यात मांडला गेला. अखेर २०२५ च्या सुरुवातीला जिल्हा पोलिस दलाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या छातीवरील नामपट्टीतून आडनावच काढून टाकण्याचा निर्णय घेतला. समोरचा हवालदार आपल्यातला की त्यांच्यातला, हे फिर्याद देणाऱ्याला नामपट्टीवरून कळू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

याच बीडने १९६७ साली लोकसभेवर एक असा माणूस पाठवला होता, ज्याचे घरदार, शेती, भावकी, सोयरीक सारे काही तीनशे किलोमीटरवरच्या कृष्णाकाठी होते. तो माणूस म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील. शालेय पुस्तकात त्यांची ओळख साताऱ्याच्या प्रतिसरकारपाशी संपते. ते बीडचे खासदार होते, हे खुद्द बीडमधल्या तरुणांनाही अनेकदा सांगावे लागते.

पिसाळांचा नाना

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा, वाळवे तालुक्यातील बहे-बोरगावचा. गाव मच्छिंद्रगडाच्या पायथ्याचे येडेमच्छिंद्र. तेव्हा हा सारा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. आज तो सांगलीत आहे. घराण्याकडे गावची पाटीलकी होती, म्हणून नाना पाटील झाले. मूळ आडनाव पिसाळ.

आडनावाचा विषय निघालाच आहे तर येथे थोडे थांबायला हरकत नाही. पिसाळ म्हटले की मराठी माणसाला सूर्याजी पिसाळ आठवतो. रायगड मोगलांच्या हाती गेला त्यामागे त्याची फितुरी होती, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आणि त्याचे नाव फितुरीची शिवी होऊन बसले. ती कथा कितपत खरी, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. ते काही असले तरी माणसाची निष्ठा आडनावावरून ठरवायची म्हटले तर १९४२ च्या लढ्यात सरकारने ज्याच्यासाठी इनाम जाहीर केले आणि तरीही जो सापडला नाही, त्या माणसाचे आडनावही पिसाळच होते.

उंचेपुरे शरीर, डोक्याला पटका, धोतर आणि पहाडी आवाज असे नानांचे रूप होते. शिक्षण बेताचे. तारुण्यात त्यांनी तलाठ्याची नोकरी धरली. तलाठ्याचे दप्तर म्हणजे गावाचा आरसा. कोणाची जमीन सावकाराकडे गहाण पडली, भाऊबंदकीच्या कज्जात कोणाचे वावर वांझ पडले, विधवेचा हिस्सा कोणी दाबला, हे सारे त्या दप्तरात दिसते. गाव हे एकजीव कुटुंब आहे, ही शहरी माणसाची समजूत तलाठ्याच्या पदरी फार काळ टिकत नाही. नानांनी पुढे गावाच्या नावाने राज्य उभे केले, पण गावाविषयी त्यांचा भाबडा गैरसमज नव्हता. त्याचे मूळ या नोकरीत असावे, असे मला वाटते.

त्यांच्या मनाची जडणघडण झाली ती सत्यशोधक चळवळीच्या वातावरणात. महात्मा फुल्यांनी १८७३ साली पुण्यात स्थापलेल्या सत्यशोधक समाजाची मुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सातारा जिल्ह्यात खोलवर गेली होती. जलसे होत, भटभिक्षुकाशिवाय लग्ने लागत, सावकारीविरुद्ध कुळे उठत. या चळवळीने बहुजनांना आत्मभान दिले हे खरे. तिच्या एका फांदीला ब्राह्मणद्वेषाची फळे लागली, हेही खरे. नानांनी तिच्यातून सावकारशाहीचा, अस्पृश्यतेचा आणि लग्नातल्या उधळपट्टीचा विरोध घेतला आणि काँग्रेस ही शेटजी-भटजींची संस्था आहे, हा त्या चळवळीतला त्या काळचा पक्का समज मात्र सोडून दिला. १९३० साली सविनय कायदेभंगाची हाक आली तेव्हा नोकरी सोडून ते काँग्रेसच्या झेंड्याखाली गेले. आज एका पक्षातून दुसऱ्या पक्षात जाणे ही सकाळ-संध्याकाळची बाब झाली आहे. त्या काळी असे गटाबाहेर पाऊल टाकणे सोपे नव्हते. स्वतःच्याच माणसांकडून फितूर ठरण्याची त्यात तयारी लागत असे.

पुढची बारा वर्षे सभा, सत्याग्रह आणि तुरुंग अशी गेली. नानांची भाषा शेतकऱ्याची होती. व्याख्यान नव्हे, गावच्या पारावर बसून गप्पा मारल्यासारखे ते बोलत. इंग्रज सरकारचे अर्थकारण ते दावणीच्या बैलाच्या आणि पेंडीच्या हिशेबात समजावून देत, अशी त्यांच्या वक्तृत्वाची ख्याती होती.

पत्री

ऑगस्ट १९४२ मध्ये नेते तुरुंगात गेले आणि सातारा जिल्ह्यात तालुका कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. कऱ्हाड, पाटण, तासगाव येथे ते शांततेत पार पडले. सप्टेंबरमध्ये वडूज आणि इस्लामपूर येथे पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसे मेली आणि चळवळ भूमिगत झाली. १९४३ पासून तिला जे रूप आले, ते प्रतिसरकार. कुंडल, वाळवे, कासेगाव ही त्याची बळकट ठाणी. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, नाथाजी लाड, पांडू मास्तर अशी तरुण मंडळी त्यात होती आणि नाना त्या सर्वांचे वडीलधारे होते. तूफान सेना नावाचे दल उभे राहिले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी पुणे-मिरज आगगाडी अडवून लुटली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी खानदेशात चिमठाणे येथे सरकारी खजिना लुटला गेला, त्यातही साताऱ्याची माणसे होती.

या धाडसी कथा पुष्कळदा सांगितल्या गेल्या आहेत. प्रतिसरकारचे खरे काम मात्र यापेक्षा कमी चित्तथरारक आणि कितीतरी कठीण होते. ते काम न्यायदानाचे. शेकडो गावांत इंग्रजांचे कोर्ट ओस पडले आणि गावातले तंटे न्यायदान मंडळापुढे येऊ लागले. जमिनीचा बांध, सावकाराचे कर्ज, टाकलेली बायको, दारूचा गुत्ता, गावगुंडाचा उपद्रव असे ते तंटे असत. मंडळावर बसलेले पंच त्याच गावचे. वादी त्यांचा चुलता, प्रतिवादी त्यांचा मेहुणा. गावकीत न्याय करणे ज्याला ठाऊक आहे, त्याला यातला पेच सांगायला नको. आपल्या भावकीचा माणूस दोषी आहे, हे चार लोकांपुढे म्हणणे हे आगगाडी लुटण्यापेक्षा अवघड असते. गाडी लुटून माणूस गावात वीर ठरतो. भावकीविरुद्ध निकाल देऊन त्याच घरी दिवाळीला जेवायला जायचे असते.

नाना स्वतः पाटलाच्या घराण्यातले. इंग्रज राजवटीचे गावातील कान आणि डोळे म्हणजे पोलिस पाटील. चळवळीची खबर देण्याचा संशय सर्वप्रथम त्यांच्यावरच येई. म्हणजे चळवळीचा दंडुका पडायचा तो नानांच्या प्रतिष्ठेच्या, नानांच्या नात्यागोत्याच्या वर्तुळातल्या माणसांवर. सोयऱ्याधायऱ्यांना वगळून बाकीच्यांना शिक्षा, असा व्यवहार असता तर प्रतिसरकार सहा महिन्यांत एका कंपूचे राज्य झाले असते आणि दुसऱ्या कंपूने ते पोलिसांच्या मदतीने मोडले असते. ते जवळजवळ तीन वर्षे टिकले. याचा अर्थ न्याय पुष्कळ अंशी पक्षपाताविना होत असावा, असा काढण्यास हरकत नाही.

पण शिक्षाही सौम्य नव्हत्या. गुन्हेगाराच्या, खबऱ्याच्या तळपायावर काठीने मारीत. त्यावरून लोकांनी प्रतिसरकारचे पत्रीसरकार केले. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, तशी हे सरकार माणसाच्या पायाला ठोकते, अशी दंतकथा पसरली आणि दहशत आपोआप निर्माण झाली. येथे या चळवळीच्या चाहत्यांनीही जरा थांबले पाहिजे. गुप्त संघटना ही निष्ठेवर जगते आणि निष्ठेची उलटी बाजू संशय असते. खबऱ्या ठरवायचा कोणी? जुन्या बांधाच्या भांडणाचा सूड नव्या देशभक्तीच्या नावाने उगवला जात नाही, याची खात्री कोणी द्यायची? चळवळीतल्या शहाण्या माणसांना हा धोका दिसत होता. साऱ्याच गावांत तो टळला, असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. गटनिष्ठेवर उभ्या राहिलेल्या कोणत्याही सत्तेला हे लागू पडते.

तरीही प्रतिसरकारच्या निष्ठेत आणि आजच्या मेळाव्यांतल्या निष्ठेत एक फरक होता. त्या वर्तुळाला दार होते. नानकसिंग नावाचा एक पंजाबी जवान तूफान सेनेला शिक्षण देण्यास आला आणि वाळव्याच्या किसन अहिरांबरोबर पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. त्याची भाषा वेगळी, धर्म वेगळा, मुलूख हजार मैल दूर. कृष्णाकाठच्या गावांनी त्याला आपला हुतात्मा मानले. तो आपल्यातला आहे हे त्याच्या जन्माने ठरले नव्हते. त्याने केलेल्या कामाने ठरले.

नानांनी प्रचार केलेली गांधी लग्नेही याच दृष्टीने पाहावी लागतात. थोडक्या खर्चात, मानपान आणि हुंड्याला फाटा देऊन लागणारे हे लग्न. वरवर पाहता ही काटकसर. पण भावकीची प्रतिष्ठा जेथे सर्वांत उघडपणे मिरवली जाते आणि त्या प्रतिष्ठेपायी जेथे शेतकरी सावकाराच्या दारात जातो, ती जागा म्हणजे लग्नाचा मांडव. नानांनी नेमका त्यालाच हात घातला होता.

या काळात त्यांच्या घराने जे सोसले त्याची नोंद आवश्यक आहे. सरकारने जमीन जप्त केली, घराला सील ठोकले. नानांच्या मुलीची, हौसाताईंची, आई त्या तीन वर्षांच्या असतानाच वारली होती. त्यांना आजीने वाढवले. पुढे ज्या नातीला आणि आजीला गावाने उचलून धरायचे, त्यांच्याशी बोलायलाही लोक घाबरू लागले. पोलिसांची दहशतच तशी होती. म्हणजे ज्या खेड्यांनी नानांना जवळजवळ चार वर्षे लपवून ठेवले, त्याच मुलखात त्यांच्या घरच्यांना आसरा देताना लोक चारदा मागे-पुढे पाहत. गावाचा एकोपा असा असतो. कुठे तो छातीचा कोट करतो, कुठे दार लावून घेतो. हौसाताई मात्र कच्च्या नव्हत्या. भवानीनगरच्या पोलिस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या मारहाणीचे सोंग रचून त्यांनी पोलिसांना बाहेर काढले आणि तेवढ्यात साथीदारांनी ठाण्यातल्या बंदुका पळवल्या. पोर्तुगीजांच्या तुरुंगातील एका साथीदाराच्या सुटकेसाठी त्या गोव्यात गेल्या आणि परतताना रात्री मांडवी नदी लाकडी पेटीच्या आधाराने ओलांडून आल्या. २०२१ साली त्यांचे निधन झाले.

स्वराज्यानंतर

१९४६ मध्ये नाना उजेडात आले तेव्हा त्यांना पाहायला माणसांचे लोंढे लोटले. वर्षभरात स्वातंत्र्य मिळाले. आणि त्यानंतर सहाच महिन्यांत, गांधीजींच्या हत्येनंतर, याच सातारा-सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. कोणी केलेल्या खुनाचे प्रायश्चित्त केवळ जात एक म्हणून भलत्याच माणसांनी भोगले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हैदराबाद संस्थानातील पोलिस कारवाईनंतर मराठवाड्यात रझाकारांच्या अत्याचारांचा सूड गावोगावच्या सामान्य मुसलमानांवर उगवला गेला. सुंदरलाल समितीच्या अहवालात बीड जिल्ह्याचेही नाव आहे. ज्या मातीत प्रतिसरकार उभे राहिले ती माती आणि ज्या मातीने निजामाशी झुंज दिली ती माती, दोन्ही एकाच वर्षात या परीक्षेत नापास झाल्या. नानांचे चरित्र सांगताना हे वर्ष वगळण्याची पद्धत आहे. ती बरी नव्हे.

नानांची स्वतःची वाटही बदलली. स्वातंत्र्य आले पण शेतकऱ्याच्या हाती काय आले, या प्रश्नावर ते काँग्रेसमधून बाहेर पडले. १९४८ मध्ये शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे भारतीय कम्युनिस्ट पक्षात गेले. बेचाळीसच्या साथीदारांतले काही काँग्रेसमध्येच राहिले आणि त्यांच्या वाट्याला सत्ता आली. इतका घट्ट गट, पण दहा वर्षांत तो तीन-चार पक्षांत विखुरला. याचा अनेकांना विषाद वाटतो. मला त्यात फारसे वावगे दिसत नाही. गट कामासाठी जमला होता. काम संपल्यावर जो तो आपल्या विचाराच्या वाटेने गेला. जन्माने बांधलेले गट असे विखुरत नाहीत, कारण त्यांचे काम कधी संपतच नाही.

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत नाना साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले. लोकसभेत मराठीतून भाषण करणारे पहिले खासदार म्हणून त्यांचे नाव सांगितले जाते. १९६२ मध्ये सातारा पुन्हा काँग्रेसकडे गेला आणि निवडून आले ते बेचाळीसच्या लढ्यातलेच किसन वीर. राज्य स्थापन झाले होते, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण साताऱ्याचेच होते, सहकारी कारखान्यांचे बॉयलर पेटू लागले होते. कृष्णाकाठ आता सत्तेचा मुलूख झाला होता. तेथे कम्युनिस्ट नानांना आदर होता. मते मात्र दुसरीकडे जात होती.

कृष्णेकडून बिंदुसरेकडे

१९६७ च्या निवडणुकीत नाना बीडमधून उभे राहिले तेव्हा त्यांचे वय ६६ होते. आज कोणत्याही पक्षाच्या कार्यालयात ही उमेदवारी हास्यास्पद ठरली असती. बीड जिल्ह्याने प्रतिसरकार पाहिले नव्हते. ते चालू होते तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होते. तेथे हैदराबादचे नाणे चालत होते. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग द्विभाषिक मुंबई आणि १९६० पासून महाराष्ट्र, अशी त्याची वाटचाल. कृष्णाकाठचा ऊस आणि बालाघाटाच्या डोंगररांगेवरची बाजरी यांत जेवढे अंतर, तेवढेच या दोन मुलखांच्या सुखदुःखात. बोलीदेखील निराळी.

तरी बीडने नानांना निवडून दिले. त्या वर्षी देशात अन्नटंचाई होती, महागाई होती, अनेक राज्यांतून काँग्रेसची सत्ता गेली. महाराष्ट्रात मात्र काँग्रेसचा गड शाबूत होता, हे लक्षात घेतले म्हणजे बीडच्या निकालाचे वेगळेपण कळते. कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे त्याच निवडणुकीत मुंबईतून विजयी झाले. पण मुंबईचा गिरणगाव आणि बीड यांची तुलना होऊ शकत नाही. गिरणगावात लाल बावट्याची युनियन होती. बीडमध्ये दुष्काळ होता आणि कामाच्या शोधात पश्चिमेकडे जाणारी माणसे होती.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. नाना मराठा होते. बीड जिल्ह्यात मराठा मतदार मोठ्या संख्येने होते आणि आहेत. मग या निवडीला जातीपलीकडची म्हणायचे कशाला? आक्षेप खोटा नाही. १९६७ चा मतदार संत नव्हता आणि नावापुढचे पाटील त्यालाही वाचता येत होते. पण या तर्काने सारे उलगडत नाही. काँग्रेसकडेही मराठा पुढारी होते, शिवाय ते जिल्ह्यातले, सोयरिकीतले, अडीनडीला उपयोगी पडणारे होते. केवळ जातच पाहायची तर घरची जात सोडून तीनशे किलोमीटरवरची कोणी कशाला पाहील?

दुसरे असे की बीडने असे एकदाच केले नाही. हैदराबाद राज्यात १९५२ ची पहिली निवडणूक झाली तेव्हा बीडमधून पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे लोकसभेवर गेले होते. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे गेले. परांजपे, पाटील, बुरांडे. पंचवीस वर्षांत डाव्या विचाराचे तीन खासदार आणि तीन आडनावे, ज्यांची आपसांत सोयरीक होण्याची शक्यता नाही. आज जी गणिते बीडमध्ये अटळ म्हणून सांगितली जातात, त्या गणितांत या तिघांपैकी एकही बसत नाही. म्हणजे गणित अटळ नाही, किंवा निदान पूर्वी नव्हते.

मग ते अटळ केव्हापासून वाटू लागले? याचे एकच उत्तर देता येणार नाही. मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ आला, रोजगार हमीची कामे निघाली, ऊसतोडणीचे स्थलांतर कायमचे झाले. शिक्षणसंस्था, बँका, कारखाने, दूध संघ हे घराण्यांच्या ताब्यात गेले आणि नोकरी, कर्ज, प्रवेश यांसाठी कोणातरी साहेबांची चिठ्ठी लागू लागली. चिठ्ठी आपल्या माणसाला मिळते, म्हणून प्रत्येकाला आपला माणूस हवा झाला. जमिनीचे तुकडे पडत गेले, नोकऱ्या आटल्या आणि आरक्षणाच्या प्रश्नाला धार आली. टोळीतल्या उचलीसारखेच हे आहे. व्यवस्था हमी देत नाही तेव्हा माणूस नात्याची हमी शोधतो. त्याला जातीयवादी म्हणून हिणवणे सोपे असते. त्याच्या हाती दुसरी कोणती हमी आहे, हे सांगणे कठीण.

या पापात आम्हा बातमीदारांचाही वाटा आहे. २०२४ च्या निवडणुकीचे वार्तांकन करताना विधानसभा मतदारसंघनिहाय जे तक्ते आम्ही तयार केले, त्यात पहिला रकाना समाजाचा होता. पिण्याच्या पाण्याचा रकाना नव्हताच. असा तक्ता रोज वाचणाऱ्या माणसाने मत देताना दुसरा काही विचार करावा, ही अपेक्षा कितपत रास्त आहे?

नाना बीडचे खासदार राहिले ते डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा मुदतीपूर्वी विसर्जित होईपर्यंत. १९७१ च्या निवडणुकीत ही जागा काँग्रेसच्या सयाजीराव पंडितांनी जिंकली. नानांच्या मागे कारखाना राहिला नाही, शिक्षणसंस्था राहिली नाही, बीडमध्ये त्यांच्या नावाने मते मागणारे घराणेही राहिले नाही. राजकारणात स्मृती टिकते ती वारस असेल तर. ज्या जिल्ह्यात आपल्या समाजाच्या दिवंगत नेत्यांच्या जयंत्या मिरवणुकीने साजऱ्या होतात, तेथे नाना कोणत्याच समाजाच्या वाट्याला आले नाहीत. कृष्णाकाठी त्यांचे पुतळे आहेत, जयंती आहे. बीडपुरते ते निवडणूक आयोगाच्या यादीतले एक नाव होऊन राहिले. ६ डिसेंबर १९७६ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

किसन अहिरांच्या नावाचा हुतात्मा साखर कारखाना नागनाथअण्णांनी पुढे वाळव्यात उभा केला. कुंडलजवळच्या कारखान्याला जी. डी. बापूंचे क्रांतिअग्रणी हे बिरुद मिळाले. दिवाळीनंतर धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ट्रॅक्टर आणि ट्रक निघतात ते सांगली-सातारा-कोल्हापूरच्या याच मुलखाकडे. फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या पडतात. एका रांगेत मराठ्यांची टोळी, तिच्यापलीकडे वंजाऱ्यांची, मग दलितांची, बंजाऱ्यांची. पहाटे चार वाजता सारे कोयते एकाच उसावर पडतात आणि रात्री प्रत्येक टोळीची चूल वेगळी पेटते. मुकादमाने मजुरी दाबली किंवा कोणाच्या पोराला साप चावला तर मात्र या रांगेतला माणूस त्या रांगेत धावत जातो. तोडणीच्या दरासाठी कोयता बंद करण्याची हाक येते तेव्हाही सगळ्या कोप्यांतले कोयते एकाच वेळी खाली ठेवावे लागतात. एका टोळीने तोड चालू ठेवली तर संप मोडतो. एप्रिलमध्ये पट्टा पडला की टोळ्या परततात आणि बालाघाटचा घाट चढून आपापल्या गावी, आपापल्या वस्तीवर उतरतात.